साधनाचे परीक्षण : ‘क्रिता’ची पाचवी आवृत्ती

१

कलासमीक्षेत चित्राचा विषय, त्याची रचना, रंगयोजना आणि चित्रकाराची वृत्ती यांचा विचार विस्ताराने होतो; चित्र ज्या साधनाने निर्माण होते त्याचा उल्लेख मात्र बहुधा तळटीपेपुरता राहतो. यामागे दोन समजुती आहेत. साधन तटस्थ असते, चित्रातील गुणदोष सर्वस्वी चित्रकाराचे असतात, ही पहिली. साधनाची चर्चा हा कारागिरीचा भाग असून तिच्यासाठी माहितीपुस्तिका पुरेशी आहे, तेथे समीक्षेचे काम नाही, ही दुसरी. या दोन्ही समजुती वरवर पाहता निर्विवाद वाटतात. परंतु चित्रकलेच्या इतिहासाशी त्या ताडून पाहिल्या म्हणजे त्यांतील अपुरेपणा ध्यानात येतो.

१८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने तैलरंग भरून ठेवण्याच्या, दाबताच रंग बाहेर येईल अशा कथलाच्या नळीचे पेटंट घेतले. तोपर्यंत तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवण्याची रीत होती. ती पिशवी एकदा टोचली की पुन्हा नीट बंद करता येत नसे, आणि रंग लवकर वाळून जाई. नळी आल्यावर चित्रकाराला अनेक रंग बरोबर घेऊन नदीकाठी किंवा शेताच्या बांधावर जाऊन बसणे सुलभ झाले. याच शतकात कुंचल्याचे केस धातूच्या टोपीत चेपून बसविण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा चपटा कुंचला प्रचारात आला. दृक्‌प्रत्ययवादी चित्रांतील रुंद, सुटा फटकारा या चपट्या कुंचल्यावाचून तसाच्या तसा उमटला नसता. नळीने किंवा टोपीने ती चित्रे काढली असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या साधनांनी चित्रकाराच्या हाताला जी शक्यता दिली ती तटस्थ नव्हती, एवढे मान्य करावेच लागते.

संगणकावरील चित्रणाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी ठरते. डुकराच्या राठ केसांचा कुंचला निसर्गाच्या नियमांप्रमाणे वागतो. त्याचे केस किती वाकावेत आणि रंग किती ओढावेत, हे कोणी मनुष्य ठरवीत नाही. संगणकावरील कुंचल्याचे मात्र प्रत्येक वर्तन कोणीतरी आधी ठरवून लिहिलेले असते. दाब वाढला की रेषा जाड व्हावी की गडद, खालचा रंग वरच्या रंगात किती मिसळावा, फटकाऱ्याच्या शेवटी रंग संपावा की नाही, या सर्व प्रश्नांची उत्तरे प्रणाली लिहिणाऱ्याने दिलेली असतात. या अर्थाने चित्रणाची प्रत्येक प्रणाली म्हणजे चित्रण कशाला म्हणावे याविषयीचे एक मत होय. आणि जेथे मत आहे तेथे समीक्षेला प्रवेश आहे.

या भूमिकेवरून प्रस्तुत परीक्षणासाठी ‘क्रिता’ ही प्रणाली घेतली आहे. ती लिनक्सच्या परिसरात जन्मली आणि वाढली. पुढे ती इतर संगणक-व्यवस्थांवरही गेली. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि त्याच अटींवर पुढे देता येते. तिची पाचवी आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्या मालिकेतील पाच-दोन ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. या दोन टप्प्यांत जे घडले त्यावरून साधनाला स्वतःची दृष्टी असते म्हणजे काय, आणि ती दृष्टी कोठे अपुरी पडते, हे दोन्ही एकाच ठिकाणी पाहावयास मिळते.

२

पाचव्या आवृत्तीचे मूल्यमापन तिच्या पूर्वेतिहासावाचून होऊ शकत नाही. संगणकावर रंग लावण्याचा प्रयत्न जुना आहे. १९७३ साली रिचर्ड शूप यांनी झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात ‘सुपरपेंट’ ही व्यवस्था चालवून दाखविली, तेव्हा कुंचला, रंगपट्टी आणि पडद्यावरील चित्रफलक ही कल्पना आकाराला आली. पुढे या क्षेत्रात दोन परंपरा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. १९९० साली आलेल्या ‘फोटोशॉप’ची परंपरा छायाचित्रावर संस्कार करण्याची होती, तिच्या दृष्टीने चित्र ही आधीच अस्तित्वात असलेली वस्तू असून ती सुधारावयाची असते. १९९१ साली आलेल्या ‘पेंटर’ची परंपरा खडू, तैलरंग, जलरंग यांचे वर्तन संगणकावर उतरविण्याची होती; तिच्या दृष्टीने चित्रफलक प्रथम रिकामा असतो. ही दुसरी प्रणाली रंगाच्या डब्यात घालून विकली जात असे, यावरूनही तिचा रोख कळून येतो.

मुक्तस्रोत जगात प्रथम प्रबळ झाली ती पहिली परंपरा. बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी आरंभिलेला ‘गिम्प’ तिचा प्रतिनिधी होय. १९९८ साली केडीई या लिनक्सवरील प्रकल्पाचे संस्थापक माथियास एट्रिख यांनी गिम्पला आपल्या पद्धतीचे बाह्यरूप चढवून एका परिषदेत प्रात्यक्षिक दाखविले. त्यावरून वाद झाला, आणि केडीईच्या लोकांनी स्वतःचीच प्रणाली रचावी या विचाराला चालना मिळाली. १९९९ साली सुरू झालेल्या या प्रयत्नाचे पहिले नाव ‘केइमेजशॉप’ असे होते. नावातच अनुकरण होते, आणि ते नावापुरतेही नव्हते; दुसऱ्याकडे जे आहे ते आपल्याकडेही असावे, एवढाच तेव्हाचा हेतू दिसतो. कायदेशीर आक्षेपामुळे ते नाव सोडावे लागले, त्यानंतरचे ‘क्रेयॉन’ हे नावही टिकले नाही, आणि २००२ साली ‘क्रिता’ हे नाव स्थिर झाले. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ खडू असा आहे. त्याबरोबरच महाभारतातील ‘कृत’ या शब्दाची छायाही नावामागे असल्याचे प्रकल्पाच्या इतिहासात नमूद आहे. कृतयुगाच्या कल्पनेतून या शब्दाला जी परिपूर्णतेची अर्थच्छटा आली आहे, तीच तेथे अभिप्रेत आहे.

नाव बदलल्याने दृष्टी बदलली नाही. पुढील काही वर्षे क्रिता हा एका कार्यालयीन प्रणालीसंचाचा घटक होता. पत्रलेखन, हिशेबपत्रक आणि सादरीकरण यांच्या पंक्तीत बसलेल्या चित्रप्रणालीला स्वतःचे प्रयोजन सापडणे कठीणच होते. खरे वळण २००९-१० च्या सुमारास आले. बाउडेवाइन रेम्प्ट यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या मंडळींनी तेव्हा असे ठरविले की, छायाचित्र सुधारणे हे आपले काम नसून शून्यातून चित्र काढणाऱ्यासाठी साधन घडविणे हे आपले काम आहे. रेखाटनकार, चित्रकथाकार आणि चित्रपटासाठी पूर्वचित्रण करणारे कलावंत हा तिचा वाचकवर्ग, नव्हे, उपयोजकवर्ग निश्चित झाला. हा निर्णय त्यागाचा होता. सर्वांना सर्व काही देण्याची आकांक्षा त्यात सोडून देण्यात आली. २०१६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत क्रिता त्या कार्यालयीन संचातून बाहेर पडली, हा त्याच निर्णयाचा पुढील टप्पा होय. मर्यादा पत्करल्यावर साधनाला रूप येते, हे विधान येथे इतिहासानेच सिद्ध झाले आहे.

३

आता पाचव्या आवृत्तीकडे वळावयाचे. तिच्यातील नव्या गोष्टींची यादी लांब आहे. परंतु यादीवरून परीक्षण होत नाही. चित्रकाराच्या हाताशी ज्यांचा साक्षात् संबंध येतो अशा दोन बदलांचा विचार पुरेसा आहे : रंग ओढून मिसळणारा कुंचला, आणि साधनसामग्रीची व्यवस्था.

संगणकावरील फटकारा अखंड दिसतो, पण तो अखंड नसतो. लेखणी टॅब्लेटवरून सरकते तेव्हा कुंचल्याच्या टोकाचा ठसा ठराविक अंतराने पुनःपुन्हा उमटविला जातो, आणि ठसे पुरेसे जवळ आले की डोळ्याला रेषा दिसते. दाब, वेग आणि लेखणीचा कल यांवरून प्रत्येक ठशाचा आकार, गडदपणा, कोन आणि विखुरणे बदलते. साधा कुंचला ठसा केवळ वर ठेवतो. रंग ओढणारा कुंचला मात्र प्रत्येक ठशाच्या वेळी खालचा रंग उचलून पुढे नेतो, आणि येथे दोन रीती संभवतात : खालच्या भागाचा तुकडा जसाच्या तसा पुढे ओढणे, किंवा त्या भागातील एक सरासरी रंग घेऊन तो ठशात मिसळणे. पहिल्या रीतीने ओला रंग बोटाने फासल्याचा भास होतो. दुसरीने रंग घोटून एकजीव केल्याचा.

पाचव्या आवृत्तीत या कुंचल्याची अंतर्गत घडण नव्याने लिहिली गेली. तिचा सर्वांत दृश्य परिणाम असा की, कुंचल्याच्या टोकातील उजळ-काळोखाचा आलेख आता ओढलेल्या रंगातही उतरू शकतो. त्यामुळे जाड रंगाच्या कडा आणि केसांच्या खुणा फटकाऱ्यात दिसतात, आणि तरीही रंग खालच्या रंगात मिसळत राहतो. पूर्वी चित्रकाराला जाडी हवी तर मिसळणे सोडावे लागे, आणि मिसळणे हवे तर जाडी. हे द्वैत नाहीसे होणे म्हणजे केवळ एक सोय वाढणे नव्हे. तैलचित्रकाराच्या मनात या दोन क्रिया मुळीच वेगळ्या नसतात, आणि साधनाने त्या वेगळ्या केल्या होत्या ही साधनाची उणीव होती. ती या आवृत्तीने भरून काढली.

येथेच एक नाजूक प्रश्न उद्भवतो. ज्या चित्रकाराचा हात जुन्या कुंचल्याच्या वागण्याला सरावला आहे, त्याच्या दृष्टीने सुधारणा हीसुद्धा एक हानीच असते. सतारीच्या जवारीत फरक केला तर नवा नाद अधिक शुद्ध असूनही वादकाची बोटे काही काळ अडखळतात, तसाच हा प्रकार आहे. ही नवी गणनरीत वापरावी की नाही हे कुंचल्याच्या मांडणीतच ठरविता येते, अशी सोय क्रिताने ठेवली. सवयीला मोडून न टाकता नव्याला वाट करून देण्याचे हे धोरण बारकाईच्या विचाराचे निदर्शक आहे. व्यापारी आणि मुक्तस्रोत, दोन्ही जगांत नव्याच्या उत्साहात जुने खुशाल मोडण्याची उदाहरणे थोडी नाहीत.

दुसरा बदल साधनसामग्रीचा. कुंचले, पोत, रंगपट्ट्या, छटांचे उतार अशा हजारो वस्तू एका चित्रकाराजवळ सहज जमतात. पूर्वी त्या प्रारंभीच स्मृतीत चढविल्या जात. त्यामुळे प्रणाली जड होई. पाचव्या आवृत्तीत त्यांची नोंद एका माहितीकोशात ठेवण्याची व्यवस्था झाली, त्यांना खुणेचे शब्द लावून त्या निवडता येऊ लागल्या, आणि काढून टाकलेली वस्तू खरोखर नष्ट न होता केवळ दृष्टीआड होऊ लागली. हा बदल पडद्यावर फारसा दिसत नाही आणि त्याची जाहिरातही करता येत नाही. परंतु चित्रकाराची पेटी कशी लावलेली आहे यावर त्याचे काम किती अडते हे अवलंबून असते. पेटी लावण्याचे हे निरस काम पत्करून ज्यांनी मोठ्या आवृत्तीचा बराचसा काळ त्यात घालविला, त्यांच्या दृष्टीचे गांभीर्य मान्य केले पाहिजे.

याच आवृत्तीत चलच्चित्रासाठी प्रसंगचित्रांची मालिका मांडण्याचे दालन आले, आणि चित्र काढले जात असताना त्याची नोंद ठेवणारी योजना आली. यांपैकी पहिले गूगलच्या उन्हाळी विद्यार्थी-उपक्रमातून सिद्ध झाले, ही गोष्ट विद्यापीठीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. विद्यार्थ्याचा अभ्यासप्रकल्प व्यावसायिक चित्रकाराच्या हाती पडणाऱ्या साधनाचा भाग होतो, ही या क्षेत्रातील शिक्षणाची एक निराळीच पद्धत होय.

४

गुणांबरोबर दोषही नोंदविले पाहिजेत. पहिला दोष रंगमिश्रणाचा आहे, आणि तो कुंचल्याच्या नव्या घडणीनंतरही कायम राहिला. निळ्या आणि पिवळ्या तैलरंगाचे मिश्रण हिरवे होते, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. पडद्यावरील प्रकाशाच्या रंगात मात्र निळा आणि पिवळा यांची सरासरी राखाडी येते. कारण तेथे तीन संख्यांची सरासरी काढली जाते. रंगद्रव्याचे कण कोणता प्रकाश शोषतात आणि कोणता परतवितात, याचा हिशेब त्यात नसतो. तो हिशेब मांडणारा सिद्धांत कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ सालीच सांगितला होता. मुक्तस्रोत परिवारातीलच ‘मायपेंट’ या लहानशा प्रणालीने २०२० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशाच्या वर्णपटावर आधारलेली मिश्रणरीत स्वीकारली. क्रिताच्या पाचव्या आवृत्तीने मायपेंटचे कुंचले आपल्यात सामावून घेतले. पण तिच्या स्वतःच्या मिसळणाऱ्या कुंचल्याचा पाया संख्यांच्या सरासरीचाच राहिला.

यावर असे उत्तर दिले जाईल की, क्रिता रंगाचे अनेक अवकाश आणि सूक्ष्म श्रेणी हाताळते, छापखान्याच्या चार रंगांतही काम करू देते, आणि अनुभवी चित्रकार मधला हिरवा स्वतः निवडून घेतो. हे उत्तर व्यवहारात खरे आहे. परंतु ज्या प्रणालीने शून्यातून चित्र काढणाऱ्याचे साधन होण्याची प्रतिज्ञा केली, तिच्या बाबतीत हा प्रश्न गौण मानता येत नाही. रंगपाटीवर दोन रंग एकमेकांत जाताना जो तिसरा रंग अनपेक्षितपणे भेटतो, तो चित्रकाराच्या विचाराचाच एक भाग असतो. तो आधीच ठाऊक असलेल्या रंगांच्या यादीतून उचलावा लागणे म्हणजे शोधाची जागा निवडीने घेणे होय.

५

दुसरा दोष अक्षराचा आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांना तो अधिक जवळचा वाटेल. चित्रकथाकार हा क्रिताच्या अभिप्रेत उपयोजकांपैकी एक. आणि चित्रकथेत शब्द चित्राबाहेर नसतो, तो चित्राच्या रचनेतच बसतो. असे असूनही अक्षरलेखन हे या प्रणालीचे दीर्घकाळ दुबळे अंग राहिले. २०१६ साली क्रिताच्या संस्थेने लोकवर्गणी मागितली ती मुख्यतः मजकूर आणि रेषाकृती यांची साधने सुधारण्यासाठी. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत मजकुराची नवी व्यवस्था आली, पण ती अपुरी होती. पाच-दोन आवृत्तीत मजकूर मांडण्याची अंतर्गत यंत्रणा पुन्हा मुळापासून लिहिली गेली : आकृतीच्या आत वाहणारा मजकूर, वक्र रेषेवरचा मजकूर, जपानीसाठी उभा मजकूर आणि अक्षरसंचांतील ओपनटाइप वैशिष्ट्ये यांना तिने आधार दिला. तथापि हे सामर्थ्य चित्रकाराच्या हाती देणारे बाह्य साधन त्या आवृत्तीत तयार नव्हते. मजकूर चित्रफलकावर न लिहिता वेगळ्या चौकटीत लिहावा लागे, आणि नव्या सोयींपर्यंत पोहोचण्यासाठी मजकुराची मूळ संकेतरचना हाताने दुरुस्त करावी लागे. तात्पर्य, पाया घातला गेला, पण घरात जाण्याचे दार राहून गेले.

देवनागरीच्या दृष्टीने या पायाचे महत्त्व लहान नाही. देवनागरीत वर्णांचा उच्चारक्रम आणि लेखनक्रम एक नसतो : ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर उच्चारला जातो आणि आधी काढला जातो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, जोडाक्षरांत वर्णांची रूपेच बदलतात. त्यातही ‘वाऱ्या’तील अर्धा र आणि ल व श यांची मराठी वळणे ही मराठीची स्वतःची मागणी आहे. अक्षरसंचात ही रूपे असतात. पण मजकूर मराठी आहे हे प्रणालीने त्या संचाला सांगितले नाही, तर हिंदी वळणाचे ल आणि श पुढे येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेल्या ‘मुक्ता’सारख्या मुक्त अक्षरसंचांमुळे मराठी चित्रकथाकाराजवळ आज चांगले अक्षर आहे, ते चित्रात योग्य रीतीने उतरविणारे साधनही त्याच मुक्त परिवारातून मिळाले, तर ते वर्तुळ पूर्ण होईल.

या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण क्रिताच्या सर्वोत्तम उपयोजकाच्या कामातच सापडते. डेव्हिड रेव्हॉय हे फ्रेंच चित्रकार ब्लेंडर संस्थेच्या ‘सिंटेल’ या २०१० सालच्या लघुचित्रपटाचे कलादिग्दर्शक होते. २०१४ पासून ते लिनक्सवर, क्रिता वापरून, ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा काढीत आले आहेत. ती मुक्त परवान्याखाली असून अनेक भाषांत अनुवादित झाली आहे. २०१६ साली ग्लेना या फ्रेंच प्रकाशनसंस्थेने ती पुस्तकरूपाने काढली. या कथेतील चित्रे क्रितामध्ये होतात. पण संवादांचे फुगे आणि अक्षरे मात्र ‘इंकस्केप’ या दुसऱ्या मुक्त प्रणालीत. याचे एक समर्थन आहे : शब्द चित्रापासून वेगळ्या थरात, वेगळ्या फाइलीत राहिल्यामुळे अनुवादकाला चित्राला हात न लावता आपल्या भाषेतील संवाद भरता येतात, आणि म्हणूनच हे अनुवाद शक्य झाले. हे समर्थन ग्राह्य आहे. परंतु शब्द वेगळा ठेवणे ही एक गोष्ट, आणि शब्दासाठी चित्रकाराला दुसऱ्या घरी जावे लागणे ही दुसरी. पहिलीत तत्त्व आहे, दुसरीत केवळ नाइलाज.

६

शेवटी मुक्तपणाचा प्रश्न. क्रिताची प्रशंसा पुष्कळदा ‘फुकट असूनही चांगली’ अशा शब्दांत केली जाते. ही प्रशंसा मुक्तपणाला सवंगपणाच्या पातळीवर आणते. वस्तुतः तीच प्रणाली स्टीमसारख्या विक्रीस्थळांवर मोल घेऊन विकली जाते आणि त्या उत्पन्नातून विकासकांना वेतन मिळते. २०१४ आणि २०१५ साली लोकांकडून अनुक्रमे १५,००० आणि २०,००० युरो मागण्यात आले, आणि दोन्ही वेळा मागणीपेक्षा अधिक जमले. पैसा येथे आहेच. मुक्तपणाचे खरे महत्त्व मालकीत आहे. २०१३ साली अडोबी कंपनीने आपल्या सर्जनशील प्रणालींच्या पुढील आवृत्त्या केवळ वर्गणीने देण्याचे जाहीर केले, तेव्हापासून त्या प्रणालींवर काढलेले चित्र पुन्हा उघडण्याचा हक्क हा चालू देण्याघेण्याचा विषय झाला. क्रिताची चित्रफाइल ही प्रत्यक्षात एक साधी संकुचित पेटी आहे. ती उघडली की थरांची मांडणी सांगणारा वाचनीय मजकूर आणि तयार चित्राची सर्वत्र चालणारी प्रत आत सापडते. प्रणाली उद्या बंद पडली तरी ते चित्र वाचण्याचा मार्ग उरतो. हस्तलिखितांच्या जतनाचा अनुभव असलेल्या अभ्यासकाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. पोथी कोणत्या लिपीत आहे हे ठाऊक असणे आणि ती लिपी वाचण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असणे, यांत मोठा फरक आहे.

तथापि मुक्तपणामुळे परावलंबन संपते असे समजणे भाबडेपणाचे होईल. लिनक्सवर चित्र काढणारा मनुष्य एका लांब साखळीच्या अखेरीस उभा असतो : टॅब्लेटचे चालक-संच, पडद्याचे व्यवस्थापन, रंगांचे अचूक दर्शन आणि मग प्रणाली. यांतील प्रत्येक कडी निराळ्या मंडळींच्या हाती आहे, आणि त्यांतील काही केवळ हौशी परिश्रमावर चालतात. क्रिताचे मूळ विकासक थोडे आहेत. अक्षरलेखनाच्या कामाला सात वर्षे लागली याचे कारण तेच. मोठ्या आकाराच्या कुंचल्याची गणना अद्याप संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावरच होते, त्यामुळे प्रचंड चित्रफलकावर रुंद फटकारा मागे रेंगाळतो, हीही त्याच मर्यादेची एक बाजू आहे. मुक्त साधन आपोआप चांगले होत नाही. त्याचे दोष झाकून न ठेवता दाखविणे, ते दुरुस्त करण्यास वाव असणे, आणि त्या वावाचा कोणीतरी खरोखर उपयोग करणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ते सुधारते. अशा साधनाची समीक्षा म्हणूनच निष्फळ नसते. बंद प्रणालीवरील टीका ग्राहकाची तक्रार ठरते, मुक्त प्रणालीवरील टीका तिच्या पुढील घडणीत प्रत्यक्ष उतरू शकते.

७

या विवेचनातून निष्पन्न होणारा निर्णय असा. क्रिताची पाचवी आवृत्ती जेथे चित्रकाराच्या प्रत्यक्ष सरावातून विचार करते, तेथे ती समर्थ आहे. कुंचल्याची नवी घडण आणि सामग्रीची व्यवस्था ही त्याची प्रमाणे होत. जेथे चित्रणाच्या कल्पनेतच एखादी गोष्ट धरली गेली नव्हती, तेथे ती दुबळी पडते. द्रव्यरंगाचे मिश्रण आणि अक्षर या त्या दोन जागा. दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. २००९-१० च्या निर्णयाने चित्रण म्हणजे काय याची जी व्याख्या केली, ती अनुकरणापेक्षा निःसंशय श्रेष्ठ होती. पण तीत रंग हा प्रकाश म्हणून आला, द्रव्य म्हणून आला नाही, आणि चित्रकथाकार आला तरी त्याचा शब्द आला नाही. पाच-दोन आवृत्तीने शब्दाच्या बाबतीत ही व्याख्या रुंदावण्यास आरंभ केला, ही समाधानाची गोष्ट आहे.

या आवृत्तीतील गुण अनुकरण सोडल्यावर आले, हे तिच्या इतिहासावरून दिसून येते. तेव्हा उरलेले दोष दुसऱ्या प्रणालीकडे पाहून भरून निघतील असे मानता येत नाही. ते भरून निघावयाचे तर रंगपाटीसमोर बसलेल्या चित्रकाराकडे आणि फुग्यात आपल्या भाषेतील वाक्य बसवू पाहणाऱ्या चित्रकथाकाराकडे पाहावे लागेल. मराठीतील चित्रकथाकार, अक्षररचनाकार आणि संगणकविद्येचे विद्यार्थी यांच्या दृष्टीने हे आमंत्रणच आहे. देवनागरी मजकूर चित्रफलकावर कसा वागावा याची कसोटी लावण्यास जपान किंवा फ्रान्समधील विकासक अधिकारी नाहीत. ते अधिकारी येथे आहेत, आणि मूळ संहिता त्यांच्यापुढे उघडी आहे.